आभासी जगातल्या निर्मितीचे हक्क: फुकट काय, स्वस्त काय, महाग काय

२००७ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक वेगळाच दावा दाखल झाला. फिर्यादी होते ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगातले सहा दुकानदार. अवतारांचे कपडे, फर्निचर असा माल ते तिथे विकत. एका खेळाडूनं यंत्रणेतल्या त्रुटीचा फायदा घेऊन या दुकानदारांच्या मालाच्या हजारो नकला काढल्या आणि विकल्या, असा त्यांचा आरोप होता. प्रकरण तडजोडीनं मिटलं. नफ्याची भरपाई म्हणून सुमारे ५२५ डॉलर द्यायचं समोरच्यानं कबूल केलं. त्या वर्षी फेडरल कोर्टात नुसता दावा दाखल करायचं शुल्क ३५० डॉलर होतं, वकिलाची फी निराळी. मान मिळाला, पण असा हिशेब कुठल्याच दुकानदाराला परवडणारा नाही.

आज हा प्रश्न मोजक्या हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. शाळेतली मुलं रोब्लॉक्सवर गेम बनवून विकतात, कॉलेजातले गट माइनक्राफ्टमध्ये किल्ले उभारतात, कुणी फोर्टनाइटमध्ये नकाशे रचतं, कुणी अवतारांसाठी नऊवारी आणि पैठणी शिवतं. यातल्या बहुतेकांना आपल्या हक्कांबद्दल पहिल्यांदा कळतं ते कुणी माल ढापल्यावर किंवा ईमेलमध्ये नोटीस येऊन पडल्यावर.

एक सूत्र आधीच लक्षात ठेवा: या क्षेत्रात हक्क मिळतो फुकट, त्याचा पुरावा मिळतो स्वस्त आणि भांडण पडतं महाग. म्हणून खर्च करायचा तो पुराव्यावर आणि परवान्यांवर. पुढे कुठे किती लागतं ते क्रमानं पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर ९० रुपये धरला आहे. शुल्कं बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकदा ताडून पाहा.

हक्क: खर्च शून्य

भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही स्वतः रचलेलं मॉडेल, काढलेलं टेक्स्चर, लिहिलेला कोड किंवा बांधलेली चाल तयार झाली की त्या क्षणी तिच्यावर तुमचा हक्क बसतो. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. भारत आणि अमेरिका दोघंही कॉपीराइटविषयीच्या बर्न करारात असल्यामुळे हा हक्क तिकडेही मानला जातो.

मात्र हक्क मिळतो तो प्रत्यक्ष आविष्काराला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. ‘भूतबंगल्यातून सुटका’ ही कल्पना कुणीही वापरू शकतो. तुमच्या बंगल्याचा नकाशा, भिंतींची चित्रं, संवाद आणि कोड मात्र उचलता येत नाहीत.

यंत्राला चार शब्द सांगून तयार झालेल्या चित्राचं काय? माणसाचा निर्मितीतला वाटा नसेल तर कॉपीराइट नाही, असं अमेरिकेतल्या डी. सी. सर्किटच्या अपील न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये थेलर खटल्यात म्हटलं. थोडक्यात, सगळी टेक्स्चरं एआयकडून करून घेतलीत तर नकलाकाराविरुद्ध तुमची बाजू लंगडी पडते.

गट करून काम करताय? मग कागद करा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. एकानं कोड लिहिला, दुसऱ्यानं मॉडेलं केली, तिसऱ्यानं संगीत दिलं आणि गेम एकाच्या खात्यावर चढला. खातं ज्याचं त्याची मालकी, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. ज्यानं जे घडवलं ते त्याचं. पगारी नोकर नसलेल्या माणसाकडून काम करून घेतलंत आणि पैसेही चुकते केलेत, तरी मॉडेलं किंवा कोड यांचे हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाहीत. ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. जगभर चालणाऱ्या गेमला असा अर्धवट कागद काय कामाचा?

म्हणून करारात चार गोष्टी हव्यातच: कामाची यादी, मोबदला किंवा वाटा, मुदत आणि ‘जगभर’ हा शब्द. साध्या करारासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा स्टँप पेपर वापरतात. गटातलं कुणी अठराच्या आतलं असेल तर त्याची एकट्याची सही चालत नाही, पालकांना सोबत घ्या.

‘आय अॅग्री’ची किंमत

बहुतेक आभासी जगं कंपनीच्या सर्व्हरवर चालतात आणि आत शिरताना आपण त्या कंपनीचा करार मान्य करतो. त्या कराराचे चार नमुने पाहा.

सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबनं २००३ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की रहिवाशांनी केलेल्या वस्तूंचे बौद्धिक हक्क रहिवाशांकडेच राहतील. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण कंपनीला वापराचा परवाना मात्र द्यावा लागतो. २०१३ मध्ये कंपनीनं त्या परवान्याची भाषा इतकी रुंद केली की सीजीटेक्स्चर्स या टेक्स्चर पुरवणाऱ्या साइटनं आपली चित्रं सेकंड लाइफमध्ये वापरायला मनाई केली. परवाना निर्मात्यांनी दिला होता कंपनीला, आणि त्याची झळ बसली त्यांच्याच कच्च्या मालाला.

माइनक्राफ्टचा नियम सुटसुटीत आहे. तुम्ही शून्यापासून रचलेलं तुमचं, खेळाचे व्हिडिओ करून कमाई करायलाही मुभा. पण खेळात भर घालणारा मॉड विकून पैसे करायचे नाहीत.

रोब्लॉक्सवर तुमची निर्मिती तुमचीच राहते, पण ती चालवायचा, दाखवायचा, प्रसिद्धीसाठी वापरायचा परवाना कंपनीला जातो.

चौथा नमुना उलट्या टोकाचा. ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात हौशी लोकांनी नकाशे रचले, त्यातूनच ‘डोटा’ हा खेळ जन्मला आणि पुढे त्याच्या मालकीवरून कंपन्या कॅलिफोर्नियाच्या कोर्टात भांडल्या. त्यातून धडा घेऊन ब्लिझर्डनं २०२० च्या ‘रीफोर्ज्ड’ आवृत्तीच्या अटींत लिहूनच टाकलं की खेळाडूंनी रचलेले खेळ कंपनीचे. तिथे वर्षभर राबून रचलेला नकाशा पहिल्या दिवसापासून परक्याचा.

करार उघडल्यावर सगळा वाचवत नसेल तर निदान तीन गोष्टी शोधा: मालकी कुणाची, परवाना मागे घेता येतो का, आणि तंटा कुठे चालणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘अमेरिकेत’ किंवा ‘लवादापुढे’ असं निघतं.

आणखी एक. हक्क तुमचा असला तरी फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते. सोनीचं ‘प्लेस्टेशन होम’ २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टचं ‘अल्टस्पेस व्हीआर’ २०२३ च्या मार्चमध्ये. त्यांच्यासोबत तिथे उभारलेल्या इमारतीही गेल्या. मूळ फाइलींची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

तीन चौकोन

सेकंड लाइफमध्ये समजा तुम्ही एक लाकडी झोपाळा केलात. टेक्स्चरची साधी प्रतिमा चढवायला १० लिंडेन डॉलर लागतात. एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडेन डॉलर या हिशेबानं हा खर्च साडेतीन रुपयांच्या घरात जातो. आता झोपाळ्यावर उजवं क्लिक करून संपादनाची खिडकी उघडा. तिथे ‘पुढच्या मालकाला’ या ओळीखाली तीन चौकोन दिसतात: बदल, नक्कल, हस्तांतर. तुमचा सगळा धंदा या तीन खुणांवर चालतो.

नकलेची खूण काढलीत तर गिऱ्हाईकाकडे एकच नग राहील, पण तो त्याला दुसऱ्याला देता येईल. हस्तांतराची काढलीत तर स्वतःसाठी हव्या तितक्या प्रती करता येतील, पण विकता येणार नाहीत. नक्कल आणि हस्तांतर दोन्ही एकदम बंद करता येत नाहीत, एक तरी चालू ठेवावंच लागतं. तिन्ही खुणा असलेल्या मालाला तिथले लोक ‘फुल पर्म’ म्हणतात. असा माल बहुधा कच्चा माल म्हणून विकला जातो आणि सोबत अटींचं टिपण जोडलेलं असतं. ‘तयार वस्तूत वापरा, पण आहे तसा परत विकू नका’ ही त्यातली नेहमीची अट. यंत्रणा पुनर्विक्री करू देते म्हणून ती चालते असं नाही, शेवटी टिपण काय म्हणतं ते पाहावं लागतं. फुल पर्म माल घेताना ते टिपण आधी वाचा आणि जपून ठेवा.

खुणांनाही मर्यादा आहेत. २००६ च्या नोव्हेंबरात ‘कॉपीबॉट’ नावाचा प्रोग्राम पसरला, तो या खुणांना न जुमानता समोर दिसणाऱ्या वस्तूची नक्कल काढी. दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. नक्कल करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, हे त्या दिवसापासून सगळ्यांनी गृहीत धरलं आहे.

दुसऱ्याचं वापरायचं तर

टेक्स्चर आणि मॉडेलं: पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या साइटींवरचा माल ‘सीसी शून्य’ परवान्याखाली मिळतो. पैसे नाहीत, नाव देण्याचीही सक्ती नाही. इतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत अक्षरं नीट बघा. ‘बीवाय’ असेल तर निर्मात्याचं नाव द्या. ‘एनसी’ असेल तर कमाईच्या गेममध्ये घालू नका. ‘एनडी’ असेल तर बदल करू नका. गुगलवर सापडलेलं चित्र यांपैकी कशातच बसत नाही.

देवनागरी अक्षरं: दुकानाच्या पाट्या, गावाची नावं यांसाठी मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. कमाईच्या गेममध्येही ते फुकट वापरता येतात.

जुनी चित्रं: हक्काची मुदत संपलेली चित्रं मोकळी असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये गेटी संग्रहालयानं आपल्या संग्रहातली चित्रं ‘अॅनिमल क्रॉसिंग’ या खेळात थेट उतरवायची सोयच करून दिली.

किल्ले आणि इमारती: रायगड, शनिवारवाडा यांच्या रचनेवर कुणाचा कॉपीराइट नाही. मोजमापं घेऊन खुशाल उभारा. पण दुसऱ्यानं केलेलं रायगडाचं त्रिमितीय मॉडेल ही त्याची निर्मिती, ती उचलायची नाही. नव्या इमारतींचं गणित वेगळं आहे. वास्तुरचनेवर वास्तुविशारदाचा हक्क असतो आणि भारतीय कायद्यातली सूट चित्र, रेखाटन, छायाचित्र यांपुरती आहे. हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृतीचा त्यात उल्लेख नाही.

गाणी: इथे खिशाला सगळ्यात मोठा खड्डा पडतो. एका गाण्यात दोन हक्क असतात, चाल आणि शब्द यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम आयपीआरएस ही संस्था पाहते, मुद्रणाचा हक्क म्युझिक कंपनीकडे असतो. गेममध्ये गाणं घालायचं तर दोन्ही परवानग्या हव्यात. दर वाटाघाटीनं ठरतो आणि हौशी निर्मात्याला तो बहुधा झेपत नाही. ‘फक्त दहा सेकंद चालतात’ ही समजूत कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या संगीत प्रकाशकांच्या संघटनेनं २०२१ च्या जूनमध्ये रोब्लॉक्सवर २० कोटी डॉलरचा दावा लावला होता. तो काही महिन्यांत तडजोडीनं मिटला आणि पुढच्याच वर्षी रोब्लॉक्सवर आवाजाच्या फाइलींचे नियम कडक झाले. स्वस्त मार्ग म्हणजे त्या जगानं स्वतः परवाना घेऊन ठेवलेला संगीतसाठा वापरणं. मात्र तो परवाना त्या जगाच्या आतपुरता असतो. गेमचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकलात तर तिथे तो लागू होईलच असं नाही.

ओळखीचे चेहरे, आवाज, बोधचिन्हं: नायकाचा चेहरा किंवा गायकाचा आवाज गेममध्ये वापरणं हा कॉपीराइटच्याही पलीकडचा विषय आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये मनाई केली. बोधचिन्हांवर ट्रेडमार्क असतो. ‘मेटाबर्किन्स’ नावाची डिजिटल पर्सची चित्रं विकणाऱ्या कलाकाराला २०२३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं ‘बर्किन’ पर्स बनवणाऱ्या एर्मेस कंपनीला १ लाख ३३ हजार डॉलर द्यायला लावले.

‘फेअर यूज’वर किती विसंबायचं?

व्हिडिओखाली ‘हा फेअर यूज आहे’ अशी ओळ टाकणं म्हणजे संरक्षण नव्हे. अमेरिकेत फेअर यूज हा कोर्टात मांडायचा बचाव आहे आणि न्यायाधीश त्यात चार गोष्टी तोलतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ मालाच्या बाजारावर काय परिणाम झाला. म्हणजे या बचावाची खरी किंमत वकिलाच्या बिलाइतकी. कंपनीनं खेळाच्या नियमांत दिलेली लेखी मुभा त्याहून कितीतरी भरवशाची, आणि फुकट.

हौशी निर्मितीबाबतचा एक जुना पण आजही उपयोगी खटला आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या खेळासोबत नकाशे रचायचं साधन मिळायचं. खेळाडूंनी रचून फुकट वाटलेले ३०० नकाशे मायक्रो स्टार या कंपनीनं गोळा केले आणि सीडीवर घालून विकले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं हा मूळ खेळावर आधारलेल्या कृतीच्या हक्काचा भंग ठरवला आणि विक्री धंद्यासाठी असल्यानं फेअर यूजचा बचाव मानला नाही. दोन धडे: फुकट मिळालं म्हणजे विकायला मिळालं असं नाही, आणि दुसऱ्याच्या खेळाच्या पायावर रचलेल्या कृतीत मूळ मालकाचाही हक्क गुंतलेला असतो.

भारतात दार आणखी अरुंद आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कारणं ठरवून दिली आहेत: खाजगी किंवा वैयक्तिक वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्त. गेमचं परीक्षण करताना त्यातले प्रसंग दाखवणं यात बसू शकतं. घरात, स्वतःपुरता केलेला प्रयोगही बसतो. सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या सर्व्हरवर सिनेमातलं पात्र आणून बसवणं ‘खाजगी’ म्हणता येणार नाही.

नोंदणीचं दरपत्रक

नोंदणीनं हक्क निर्माण होत नाही, पण नोंदवहीतला तपशील कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. भारतात अर्ज ऑनलाइन होतो.

- चित्र, मॉडेल, कथा, संगीतरचना किंवा प्रोग्रामचा कोड: प्रत्येक कृतीला ५०० रुपये
- मालावर किंवा सेवेसाठी वापरायची कलाकृती, उदाहरणार्थ दुकानाचा लोगो: २,००० रुपये
- ध्वनिमुद्रण: २,००० रुपये
- चित्रफीत: ५,००० रुपये
- ट्रेडमार्क, ऑनलाइन अर्ज, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी: प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, मुदत दहा वर्षं

कॉपीराइटच्या अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. कोड नोंदवताना सगळा द्यावा लागत नाही, पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुरतात.

अमेरिकेत एका निर्मात्याच्या एका कृतीला ४५ डॉलर, म्हणजे सुमारे ४,०५० रुपये. साधा अर्ज ६५ डॉलर, सुमारे ५,८५० रुपये. अप्रकाशित अशा दहा कृती एकत्र नोंदवायच्या तर ८५ डॉलर, सुमारे ७,६५० रुपये. हा शेवटचा मार्ग मॉडेलं करणाऱ्यांना सोयीचा: दुकानात मांडण्याआधी दहा वस्तू एकदम नोंदवा.

परदेशी नोंदणी कशाला करायची? तिथला कायदा प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर ठोक भरपाई देऊ शकतो आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला १,५०,००० डॉलरपर्यंत. पण त्यासाठी नोंदणी चोरीच्या आधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत झालेली हवी. नंतर धावपळ करून ही सवलत मिळत नाही.

माल चोरीला गेला तर

पहिली पायरी, खर्च शून्य: तारखेसह स्क्रीनशॉट, दुकानाचा पत्ता, विक्रेत्याचं नाव, तुमच्या मूळ फाइलींच्या तारखा एकत्र करा.

दुसरी पायरी, खर्च शून्य: अमेरिकी कंपनीला डीएमसीए नोटीस, म्हणजे नक्कल काढून टाकायची कायदेशीर मागणी, पाठवा. मूळ कृती कोणती, नक्कल नेमकी कुठे आहे, तुमचा संपर्क, सद्भावनेचं निवेदन, माहिती खरी असल्याची शपथ आणि सही एवढं त्यात लागतं. वकील लागत नाही. फक्त तुमचं खरं नाव समोरच्यापर्यंत पोचू शकतं, अवतारामागे लपून तक्रार करता येत नाही. आणि खोटी नोटीस अंगाशी येते. ‘बंगी’ या गेम कंपनीच्या नावानं यूट्यूबवाल्यांना बनावट नोटिसा पाठवल्या गेल्या, तेव्हा कंपनीनं २०२२ मध्ये थेट कोर्ट गाठलं.

मजकूर भारतीय सेवेवर असेल तर आपल्या कॉपीराइट कायद्याखाली तक्रार करा. नियमानुसार ३६ तासांत मजकूर थांबवायचा असतो, पण ही बंदी २१ दिवसांपुरती. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो.

तिसरी पायरी, सुमारे ९,००० रुपये: चोर अमेरिकेत राहत असेल तर तिथलं कॉपीराइट क्लेम्स बोर्ड. २०२२ मध्ये सुरू झालेलं हे छोट्या दाव्यांचं न्यायपीठ. शुल्क १०० डॉलर, ४० आधी आणि ६० नंतर. भरपाईची कमाल ३०,००० डॉलर. काम ऑनलाइन चालतं आणि वकील सक्तीचा नाही. पण अमेरिकी नोंदणीचा अर्ज तरी केलेला हवा. शिवाय समोरच्याला ६० दिवसांत ‘मी यात येत नाही’ म्हणायची मुभा आहे. तो बाहेर पडला की उरतं फेडरल कोर्ट, तिथलं दाखल शुल्कच आता ४०५ डॉलर.

चोर भारतात असेल तर तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या न्यायालयातही दावा लावता येतो, त्याच्या गावी जावं लागत नाही. व्यापारी स्वरूपाचा, तीन लाखांवरचा दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. तीन ते दहा लाखांच्या दाव्यात मध्यस्थीचं शुल्क १५,००० रुपये, दोघांत निम्मं निम्मं. वकिलाच्या फीला ठरलेला दर नसतो, म्हणून नोटिशीचे किती, दाव्याचे किती आणि तारखेचे किती हे आधी लेखी घ्या. महिला आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ही सोय फार कमी जण वापरतात.

तुमच्यावरच नोटीस आली तर

घाबरून खातं पुसून टाकू नका आणि रागानं लगेच उत्तरही देऊ नका. आधी पाहा, नोटीस कुठल्या कृतीबद्दल आहे आणि तुमच्याकडे परवान्याचा पुरावा आहे का. असेल तर प्रतिनोटीस देता येते. ती दिल्यावर तक्रारदारानं दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. शुल्क नाही, पण एक छुपी किंमत आहे. प्रतिनोटिशीत अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. साताऱ्यात बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाला होकार देण्याआधी त्या मजकुराची कमाई किती, हा प्रश्न स्वतःला विचारा. चारशे रुपयांच्या वस्तूसाठी ही जोखीम कुणी घेऊ नये. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले की अख्खा चॅनल धोक्यात येतो, तिथे मात्र पुरावा भक्कम असेल तर लढावं.

हाती पडतं किती?

खर्च ठरवण्याआधी कमाई मोजा. रोब्लॉक्सवर १०० रोबक्सचा (रोबक्स हे तिथलं चलन) गेम पास विकला की निर्मात्याला ७० रोबक्स मिळतात. सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरानं एका रोबक्सचे ०.००३८ डॉलर धरले तर हे झाले साधारण २४ रुपये. रोख काढायला किमान ३०,००० कमावलेले रोबक्स लागतात. म्हणजे असे ४२९ पास विकल्यावर पहिले ११४ डॉलर, सुमारे १०,२६० रुपये. त्यातून करही जातो. अमेरिकी कंपनीकडून रॉयल्टी येत असेल तर डब्ल्यू-८बेन हा अर्ज भरा. न भरल्यास ३० टक्के कापले जाऊ शकतात, भरल्यास भारत-अमेरिका कर-करारानुसार कॉपीराइटच्या रॉयल्टीवर कमाल १५ टक्के. तिथे कापलेला कर इथल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

कुणी किती खर्च करावा?

हौसेनं बनवणारे: शून्य. मूळ फाइली तारखेनिशी ठेवा, सीसी शून्य साहित्य वापरा, गाणी टाळा.

महिन्याला दोन-चार हजार कमावणारे: वर्षाला हजार-दीड हजार रुपये. सगळ्यात जास्त खपणाऱ्या दोन-तीन कृतींची भारतात नोंदणी करा. भागीदार असेल तर ५०० रुपयांचा करार वेगळा.

ज्यांचं घर यावर चालतं: पंधरा ते वीस हजार रुपये. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क, नव्या मालाची अमेरिकेत गटानं नोंदणी आणि वर्षातून एकदा वकिलाकडून करारांची तपासणी. तपासणीचे पैसे आधी विचारून घ्या, पहिल्या दोन बाबी सव्वाबारा हजारांत बसतात.

तिन्ही गटांनी एक काम मात्र करायलाच हवं: परवान्यांची वही. वापरलेल्या प्रत्येक टेक्स्चर, फाँट, आवाज आणि मॉडेलपुढे चार रकाने असावेत: कुठून घेतलं, कोणत्या तारखेला, कोणत्या परवान्यावर, आणि त्या दिवशीच्या परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट कुठे ठेवला. परवान्याची पानं बदलतात, साइटी बंद पडतात. म्हणून वस्तू उतरवून घेतानाच नोंद करावी. नोटीस आली तर उत्तर या वहीतून लिहिता येतं, आणि उद्या कुणी तुमचा गेम विकत घ्यायला आलं तर तोही पहिल्यांदा हीच वही मागेल.